सरकारी आरोग्य योजनेत खासगी हॉस्पिटलची नोंदणी इतकी किचकट का? ती सोपी करता येईल का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी खाली लिहिलंय की मिस्टरांचं ऐरोलीला छोटं हॉस्पिटल आहे, राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत (रेशनकार्डावर मोफत उपचारांची योजना) जावं की नको ते ठरत नाहीये आणि फॉर्म उघडला की धडकी भरते. मी डॉक्टर नाही. ठाण्यात वागळे इस्टेटजवळ माझ्या मोठ्या भावाचं हाडांचं हॉस्पिटल आहे, ३० खाटांचं. त्याचं सगळं दप्तर गेली १४ वर्षं मी सांभाळते, त्यामुळे ती धडकी मला चांगली ठाऊक आहे.

अटी मला कधीच जड गेल्या नाहीत. २४ तास डॉक्टर हवा, नर्सेस हव्यात, बायकांचा-पुरुषांचा वॉर्ड वेगळा हवा, ऑपरेशन थिएटर धड हवं. हे ज्याच्याकडे नाही त्याने मुळात हॉस्पिटलच काढू नये. घोळ आहे तो तारखांचा. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तीन वर्षांचं. फायरचा बी फॉर्म, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैला. डॉक्टरांचं मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण पाच वर्षांनी. प्रदूषण मंडळाच्या बायोमेडिकल कचऱ्याच्या कागदाची मुदत आणखी वेगळी. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो, पण सगळे एकाच दिवशी ताजे असतील असे वर्षातून काही आठवडेच मिळतात. अर्ज त्याच्यापेक्षा जास्त दिवस पडून राहिला की पहिला कागद शिळा होतो.

आमचं हेच झालं. डिसेंबर २०२१ मध्ये अर्ज भरला. जानेवारीत क्वेरी (त्यांची शंका) पडली : बी फॉर्म जुलैचा आहे, नवा जोडा. जोडला. मार्चअखेर दुसरी : रजिस्ट्रेशनवर ‘ॲक्सिडेंट हॉस्पिटल’ आणि लाइट बिलावर ‘नर्सिंग होम’ असं का? तेव्हा १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून प्रतिज्ञापत्र दिलं. एप्रिलअखेर तिसरी : भूलतज्ज्ञांच्या नोंदणीची मुदत संपली आहे. ती डिसेंबरमध्ये संपलेली नव्हती, अर्ज पडून असताना संपली. त्यांचं नवीन सर्टिफिकेट यायला जून उजाडला. जुलैत पोर्टलवर दिसलं की अर्ज बंद, नव्याने भरा. आठ महिन्यांत हॉस्पिटल बघायला एकही माणूस आला नाही.

त्याच जुलैत, संध्याकाळी, मुसळधार पावसात एक रिक्षावाला आपल्या आईला घेऊन आला. आजी इंदिरानगर नाक्यावर भाजी विकायच्या. पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. एक्स-रे बघून दादा म्हणाला, सकाळी पहिलीच केस घेतो. मुलाने शर्टाच्या आतून दुधाची रिकामी पिशवी काढली. त्यात केशरी रेशनकार्ड होतं, घडीवर ओलं झालेलं. त्याने ते काउंटरवर उलगडून हाताने सपाट केलं आणि म्हणाला, “मॅडम, फुले योजनेत होईल ना?”

माझ्या ड्रॉवरमध्ये त्याच योजनेची फाइल होती, चार बोटं जाड. मी म्हटलं, आम्ही अजून योजनेत नाही, आमचा कागद अडकलाय. स्ट्रेचरवरून आजी म्हणाल्या, “कुणाचा अडकलाय? माझा तर आहे की गं.”

मी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावला, योजनेतलं हॉस्पिटल विचारून घेतलं, ॲम्ब्युलन्स करून दिली. पावसात त्या मोडक्या पायाने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. तिथे गर्दी होती, ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. खुब्याच्या फ्रॅक्चरला नऊ दिवस म्हणजे काय ते तुमच्या मिस्टरांना विचारा. इतके दिवस झोपून राहिल्याने आजींना पाठीला जखम झाली, ती भरायला दोन महिने गेले.

त्या रात्री दादाचं आणि माझं जे भांडण झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, “योजनेच्या पॅनलवर असतो तरी त्यांच्या ठरलेल्या दराच्या पॅकेजमध्ये काय सुटलं असतं? वर पैसे कधी येतील त्याचा पत्ता नाही. तुझा हट्ट आहे हा.” पैसे उशिरा येतात हे त्याचं खरं आहे, दर कमी आहेत हेही खरं. पण दुपारनंतर आमचं थिएटर रिकामं असतं आणि किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर इथल्या निम्म्या घरांत केशरी कार्डं निघतील. या वस्तीच्या मधोमध हॉस्पिटल थाटायचं आणि तिथल्या माणसाला शहराच्या पार पाठवायचं, हे मला पटत नाही. तेव्हा वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते कुटुंबाला ५ लाखांचं झालं आणि पांढऱ्या कार्डवालेही आत आले. म्हणजे दादा, आता तर तुझ्या नेहमीच्या पेशंटच्या हातातही तेच कार्ड असणार आहे.

आता सोपं कसं करायचं ते. आमच्या एकाच हॉस्पिटलला विमा कंपन्यांचा रोहिणी नंबर आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधल्या हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीचा (हॉस्पिटलांच्या सरकारी नोंदवहीचा) वेगळा, योजनेच्या पोर्टलचा तिसरा. तिन्ही ठिकाणी त्याच खाटा, तेच डॉक्टर, तेच कागद मीच चढवलेत. जे सर्टिफिकेट सरकारच्याच एका खात्याने दिलंय ते दुसऱ्या खात्याने माझ्याकडून स्कॅन करून का मागावं? रजिस्ट्रीचा एक नंबर टाकला की रजिस्ट्रेशन, फायर, बायोमेडिकल, डॉक्टरांची नोंदणी, सगळं ज्याने दिलं त्याच्याकडूनच यायला हवं. क्वेरी काढायच्या तर सगळ्या एकदम काढाव्यात, हप्त्याहप्त्याने नाही. आणि अर्ज भरला त्या दिवशी जे कागद वैध होते ते अर्जाचा निकाल लागेपर्यंत वैध धरावेत. एवढी एकच गोष्ट झाली असती तरी आजींचं ऑपरेशन आमच्याकडे झालं असतं.

एक मात्र सांगते, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हिला तपासणीच नको. तपासणी हवीच. २८ एप्रिल २०२१ च्या पहाटे मुंब्र्यात एका खासगी हॉस्पिटलला आग लागून चार रुग्ण गेले. त्यामुळे फायरच्या कागदावर मी कधी कुरकुर करत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालातही आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेत किमान निकष न पाळणारी हॉस्पिटलं पॅनलवर असल्याचं आलंय, आणि एकाच मोबाइल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी जोडलेले सापडले. कागदांचा एवढा डोंगर असूनही खोटी माणसं आत आली. माझं म्हणणं इतकंच की स्कॅन तपासण्यात जातात ते दिवस वॉर्डात येऊन खाटा मोजण्यात घाला. न सांगता या, थिएटर उघडून बघा, रात्रपाळीचा डॉक्टर हजर आहे का विचारा.

आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा भरला आणि पावसाळ्याआधी योजनेत आलो. या वेळी तपासणीला माणूस आला, दोन तास फिरला, त्याने विचारलेलं सगळं योग्यच होतं.

ताई, तुम्ही भरा. केंद्राच्या आयुष्मान भारतच्या निकषात किमान १० खाटा आहेत. राज्याच्या योजनेत मात्र विषयाप्रमाणे अट बदलू शकते आणि काही पॅकेजेस सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात, म्हणून आधी जिल्हा समन्वयकांना भेटा. पहिले वर्षभर योजनेच्या पैशांवर पगार काढायचं धरू नका, इथे दादाचं ऐका. बोर्ड, पॅन, लाइट बिल, रजिस्ट्रेशन, सगळीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. जानेवारीचा बी फॉर्म हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. आणि बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांना त्यांच्या नूतनीकरणाची तारीख आजच विचारा. आमचा पहिला अर्ज तिथेच बुडाला.