'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: अमेरिकेत मोकळी निसर्गभूमी राखणाऱ्या स्थानिक लँड कन्झर्व्हन्सी असतात. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट'ला 'संवर्धनाचा वहिवाट हक्क' म्हटले तर चालेल का?

माझ्या मते अजिबात नाही. वहिवाट म्हटली की बांधावरची वाट आणि वर्षानुवर्षांचा वापर डोळ्यांपुढे येतो. आपल्या १८८२च्या ईझमेंट कायद्यातही २० वर्षे उघडपणे, विनाखंड वापर असेल तर असा हक्क मिळतो. कॉन्झर्व्हेशन ईझमेंटमध्ये प्रकार उलटा आहे. मालक दस्त करून आपलेच काही हक्क सोडतो, जसे प्लॉट पाडणे, इमारती उठवणे, खाण काढणे. त्या मर्यादा पाळल्या जातात का हे पाहण्याचा आणि मोडल्यास कोर्टात जाण्याचा हक्क तो संस्थेला देतो. जमीन त्याचीच राहते. ती तो कसू शकतो, विकू शकतो, मुलांच्या नावे करू शकतो. लोकांना आत जायला मिळते ते दस्तात तसे लिहिले असेल तरच. 'वहिवाट' वाचून नेमका याच्या उलट समज होईल.

'करार' हा शब्द तोकडा पडतो, कारण करार सही करणाऱ्यांपुरता असतो आणि हे बंधन जमिनीबरोबर पुढच्या खरेदीदाराकडेही जाते. सातबाऱ्यावरचा 'बोजा' अर्थाने बराच जवळचा आहे, पण बोजा फेडला की उतरतो. हे बंधन फेडून सुटत नाही. अमेरिकी आयकरातली सवलत (कलम १७० एच) हवी असेल तर ते कायमचेच असावे लागते. जमीन आधीच गहाण असेल तर आपला हक्क या बंधनानंतरचा असल्याचे बँकेकडून लिहून घ्यावे लागते, नाहीतर कर्ज थकून लिलाव झाला की बंधनही जाते.

'सुविधाधिकार' हा कायद्यातला शब्द. त्याच्या जुन्या व्याख्येत एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क असतो. संस्थेची तर शेजारी जमीनच नसते! ही अडचण तिकडेही होती आणि ती दूर करण्यासाठी १९८१ साली राज्यांसाठी नमुना कायदा आला. म्हणून कायदेशीर मजकुरात 'संवर्धन सुविधाधिकार' लिहायला हरकत नाही.

इतरत्र मी 'संवर्धन निर्बंध' सुचवेन. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी पहिली संस्था १८९१ साली स्थापन झाली आणि तिथल्या कायद्यातही 'ईझमेंट' नव्हे, 'रिस्ट्रिक्शन' हाच शब्द आहे. क्रियापदही सहज जुळते: मालक निर्बंध 'लिहून देतो'.

निर्बंध लिहून देताना जमीन कशी आहे याचा नकाशे, छायाचित्रे आणि बांधकामांच्या मोजमापांसह अहवाल करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतात. त्याला 'मूळ स्थितीची नोंद' म्हणावे. 'पंचनामा' नको, त्यात काहीतरी घडून गेल्याचा भाव आहे. ही नोंद कच्ची राहिली तर शेड आधीची की नंतरची हे पुढे सिद्ध करता येत नाही. दरवर्षी तिच्याशी ताडून बघतात ती 'वार्षिक पाहणी'.

संस्थेला मात्र 'भूसंवर्धन न्यास' म्हणू नका. ते वाचून मृदसंधारण, बांधबंदिस्ती आठवते. 'निसर्गभूमी न्यास' बरा. आणि त्या जमिनीला 'पडीक' तर कधीच नको: गवत, पक्षी, पाणथळ सगळे जिवंत असताना तो शब्द ती जमीन वाया चालल्याचे सांगतो.