पुणे विद्यापीठात एमएस्सी की सात लाखांची खासगी जागा?

प्रश्न : मी साखर कारखान्यात लिपिक आहे, वय ५१. पगार वर्षाला ३ लाख ६० हजार, पण तो वेळेवर होईलच असं नाही. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एमएस्सीच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव आलंय. तिथली फी आणि परीक्षा शुल्क मिळून दोन वर्षांचे १ लाख १० हजार धरलेत. एका खासगी विद्यापीठात डेटा सायन्सच्या एमएस्सीला ७ लाख २० हजार फी आहे. ते ‘प्लेसमेंटची हमी’ देतात आणि शनिवारपर्यंत ५० हजार भरून जागा पक्की करा म्हणतात. शिवाय तिला ३ लाखांच्या पॅकेजची नोकरी मिळतेय. लग्नासाठी ठेवलेली बँकेतली ५ लाखांची एफडी आणि पतसंस्थेतली अडीच लाखांची ठेव एवढीच पुंजी आहे. एफडी मोडून खासगीत घालू का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : शनिवारचे ५० हजार भरू नका. विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घ्या आणि एफडीला हात लावू नका.

पुण्यात राहायचा खर्च दोन्हीकडे सारखाच येणार, म्हणून तो आधी मांडू. औंध, खडकी, पाषाण या भागात कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत एका खाटेपुरत्या भाड्याने, साडेपाच हजार, मेसचे साडेतीन, प्रवास आणि फोनचे दीड, असे महिन्याला साडेदहा हजार धरा. बावीस महिन्यांचे २ लाख ३१ हजार झाले. लॅपटॉपला ६० हजार. म्हणजे विभागात शिकायचं तर एकूण ४ लाख आणि खासगीत १० लाख ११ हजार. तुमच्या दोन्ही ठेवी मोडल्या तरी खासगीसाठी अडीच लाखांहून जास्त कर्ज काढावंच लागेल आणि घरात शिल्लक काहीच राहणार नाही. कारखान्याचा पगार दोन महिने थकला, तर त्या दिवशी कोणाकडे हात पसरणार?

हमीबद्दल एकच करा. ती लेटरहेडवर लिहून मागा, आणि सगळ्यात मोठं पॅकेज किती ते न विचारता वर्गातल्या मुलांचे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्याला किती पगार मिळाला ते विचारा. अशा वेळी ‘प्लेसमेंटची हमी’ बदलून नुसतं ‘प्लेसमेंटला साहाय्य’ होताना मी अनेकदा पाहिलंय.

आता नोकरीचं. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत आलाय, पण खरी तुलना तिच्याशीच आहे. ३ लाखांच्या पॅकेजमध्ये हातात एकवीस हजारांच्या आसपास येतील. पुण्यात राहून महिन्याला आठ-नऊ हजार मागे पडले, तर दोन वर्षांत दोन लाख साठतात. एमएस्सी केली की हे दोन लाख जातात, म्हणून विभागातल्या शिक्षणाची खरी किंमत ४ नाही, ६ लाख आहे. नोकरी धरली असती तर तोवर दोन वर्षांचा अनुभव आणि थोडी पगारवाढही झाली असती. त्या वाढलेल्या पगारापेक्षा एमएस्सीनंतर महिन्याला दहा हजार जास्त मिळाले, तर पाच वर्षांत हे ६ लाख भरून निघतात.

मिळतील का? ते तिच्यावर आहे, आणि म्हणून हा निर्णय तिच्याशी बसून करा. सध्याची ऑफर सपोर्टची (ग्राहकांच्या तांत्रिक अडचणी सोडवण्याची), रात्रपाळीची आहे की प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगची, हे तिला विचारा. ऑफर लेटरबरोबर बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार) आहे का, तो किती रकमेचा आणि किती वर्षांचा, हेही वाचून घ्या. सपोर्टमधून पुढे प्रोग्रॅमिंगकडे वळणं अवघड जातं. उलट ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदम, गणित यांचा पाया दोन वर्षं नीट घातला, तर मुलाखतीत ती वेगळ्या रांगेत उभी राहते. शेवटच्या सत्रात कंपनीत जाऊन प्रशिक्षण किंवा प्रकल्प करता येतो का आणि त्याला स्टायपेंड मिळतो का, हे विभागात विचारून घ्या. मी तो हिशेबात धरलेला नाही. आणखी एक दार उघडतं : एमएस्सीला ५५ टक्के मिळाले की नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकीकडे जाता येतं. राखीव प्रवर्गाला त्यात सवलत आहे.

पैसे उभे कसे करायचे? पहिल्यांदा पतसंस्थेची ठेव मोडा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. तुमच्या पुंजीतला सगळ्यात कच्चा पैसा तोच, आणि राहण्याचा खर्च त्यातून भागतो. फी आणि लॅपटॉपसाठी १ लाख ७० हजारांचं शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर काढा, तुम्ही सहकर्जदार व्हा. ४ लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, मार्जिनही नाही, म्हणजे खर्चाचा काही हिस्सा स्वतः घालावा लागत नाही. काही बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्या. दहा टक्के दर धरला तर तीन वर्षांत फेडायला हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास बसेल. शिकत असतानाचं व्याज दरमहा भरत राहा, म्हणजे मुद्दल फुगणार नाही.

एफडी असताना कर्ज कशाला, असं घरचे म्हणतील. कर्जाचं व्याज एफडीच्या व्याजाहून साधारण तीन टक्के जास्त. म्हणजे या रकमेवर वर्षाला पाच हजार. तेवढ्यात घराचे पाच लाख सुरक्षित राहतात. आणि कळकळीने सांगतो, त्या एफडीला लग्नाची एफडी म्हणणं सोडा. तुमच्याकडे दुसरा आपत्कालीन निधी नाही. दोन वर्षांनी मुलगी कमावती झाल्यावर लग्नाचं तिच्याशी बोलूनच ठरवा.

एक पर्याय तुमच्या पत्रात राहून गेलाय. मुलीने यंदा एमसीए या संगणकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा (सीईटी) दिली असेल आणि तुमचं कुटुंब ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असेल, तर कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेल्या जागेवर मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. २०२४-२५ पासूनची ही योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. खासगी विद्यापीठांना आणि व्यवस्थापन कोट्याला (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना) ती लागू नाही. चांगल्या कॉलेजात अशी जागा मिळत असेल तर ती विभागाच्या तोडीची ठरते आणि कर्ज फक्त लॅपटॉपपुरतं लागेल. कॉलेज साधारण असेल तर मी विभागच धरीन.

प्रवेश झाला की लगेच विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. सगळ्यांना खोली मिळत नाही, पण मिळाली तर कॉट बेसिसचा बराच खर्च वाचतो. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचीही चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरचा दाखला याच आठवड्यात तहसीलला टाका. बँक आणि महाडीबीटी (सरकारी शिष्यवृत्ती-शुल्कमाफीचं पोर्टल) दोन्हीकडे लागतील आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते.