‘ताई, देव आता जवळ वाटत नाही’

गेल्या महिनाभरात चार जणांनी मला हे वाक्य ऐकवलं. एक कॉलेजातला मुलगा, एक निवृत्त शिक्षक, दोन गृहिणी. शब्द थोडे इकडेतिकडे, पण पाठोपाठ येणारा प्रश्न एकच : माझाच विश्वास कमी पडला का? या चौघांना उत्तर द्यायचं तर मला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका सिस्टरांची गोष्ट सांगावी लागेल. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सिस्टर म्हणजे नर्स. वय चाळिशीच्या पुढे, माहेर नगरकडचं, लहानपणापासून घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना. आई गेली त्या रात्री त्या ड्यूटीवर होत्या. तेव्हापासून प्रार्थना आटली.

“भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, ताई. चर्चला जाते, गीतं म्हणते, आत काही हलत नाही. महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल.”

असा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर तो आणखी एक ओझं ठेवतो. मी विषय बदलून विचारलं, “झोप किती होते?”

“तीन-चार तास. नाइट करून आलं की घरचं असतंच.”

“आणि जेवण?”

त्या गप्प बसल्या.

मला इथे नेहमी बायबलमधला संदेष्टा एलीया आठवतो. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि परत उठवून खाऊ घातलं. होरेबचा डोंगर, तिथला वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी देवाचा तो मंद आवाज, हे सगळं त्यानंतर. म्हणून पहिल्या तीन बैठकांत आम्ही देवाविषयी फारसं बोललोच नाही. डॉक्टरांना दाखवलं, सलग नाइट ड्यूट्या बदलून घेतल्या, आईसाठी राहून गेलेलं रडणं झालं. झोप-भूक दोन-दोन आठवडे हरवली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात अविश्वास नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

चौथ्या बैठकीत त्यांनी स्वतःच विषय काढला. “तो आहे, तर कळत का नाही?”

मी त्यांना त्यांच्या वॉर्डात नेलं, बोलण्यातून. “रात्री तीन वाजता तुम्ही काय करता?”

“राउंड घेते. सगळे झोपलेले असतात. टॉर्चवर असा हात धरते,” त्यांनी तळहात पुढे करून दाखवला, “म्हणजे उजेड डोळ्यांवर पडत नाही, बोटांतून थोडासा लाल प्रकाश येतो. तेवढ्यात सलाईन बघते, श्वास बघते, पांघरूण सरकलं असेल तर वर घेते.”

“पेशंटला कळतं, तुम्ही आलात ते?”

“नाही कळत. कळायची गरज काय? मी असते ना तिथे.”

हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मी एक अक्षर बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही शिकले असेन तर ते हेच, अशा वेळी गप्प बसणं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आई गेली त्या रात्री मी दुसऱ्यांच्या आयांपाशी होते. माझ्या आईपाशी तो असेल का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“वाटत काहीच नाही, ताई. पण असेल.”

‘वाटत नाही, पण असेल.’ माझ्या मते विश्वासाची सुरुवात इथे होते. मूल आधी आईला धरून चालतं, मग शेजारच्या खोलीत खेळायला शिकतं. आई दिसत नसली तरी घरात आहे, हे त्याच्या आत पक्कं झालेलं असतं. देवाशी असलेलं नातंही असंच वाढतं, असं मी मानते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळीत प्रभू येशू म्हणतो, “मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.” ‘सर्व दिवस’ हे शब्द सावकाश वाचा. त्यात कोरडा दिवस आला, अंत्यविधीचा आला, जांभया देत बसच्या रांगेत उभं राहण्याचाही आला. आणि ज्याने हे वचन दिलं, त्यानेच वधस्तंभावर विचारलं होतं, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ते शब्द बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तेव्हा तक्रार करायची तर देवाकडेच करा, मोठ्याने करा. ‘देव आज जवळ वाटतोय का’ हे दिवसातून दहा वेळा तपासू नका. त्याऐवजी हातातल्या एखाद्या कामाला एक वाक्य जोडा. चहाचं आधण ठेवताना, कुलूप लावताना म्हणा, ‘प्रभू, तू इथे आहेस.’ एवढंच, भावना येण्याची वाट न बघता.

सिस्टरांनी हे वाक्य राउंडला जोडलं. शेवटच्या बैठकीत सांगत होत्या, “प्रत्येक पलंगापाशी मनात म्हणते. कधी आत काही हलतं, बहुतेकदा नाही. परवा बारा नंबरच्या आजी जाग्या होत्या. म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही रोज रात्री येता का?”

“मग?”

“म्हटलं, हो आजी. झोपा तुम्ही.”