जुना डबल शॉकर: रंग नंतर, आधी बेअरिंग

पाऊस उघडला की माळ्यावरच्या सायकली खाली येतात. बारा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले फुल सस्पेन्शन एमटीबी (पुढे-मागे शॉक असलेली डोंगरी सायकल, बोलीत डबल शॉकर), मध्ये नोकरी, लग्न, गुडघा, आणि आता पुन्हा पुण्यातल्या वेताळ टेकडीची आठवण. सायकलीच्या आधी माझ्याकडे प्रश्न पोचतात आणि ते दरवर्षी तेच असतात.

माझी चाकं २६ इंची आहेत. त्याच फ्रेमला २७.५ ची बसतील का?

नाही. रिमचा व्यास ५५९ वरून ५८४ मिमी होतो, म्हणजे टायर साडेबारा मिमी बाहेर येतो. मागचा शॉक पूर्ण दबला की तो सीट ट्यूबला (सीटखालच्या नळीला) घासणार. २६ चे टायर अजून मिळतात, ते घ्या.

सेकंडहँड घेतली. पेडल मारताना कटकट आवाज येतो, मागचं चाक किंचित डुलतं. विकणारा म्हणाला, डबल शॉकर असाच असतो. फ्रेम पावडर कोटिंग करून नवा फोर्क (पुढचा शॉक) टाकायचा विचार आहे.

असा नसतो. विकणाऱ्याला सायकल विकायची होती, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

शॉकचा बोल्ट काढा, शॉक बाजूला घ्या आणि मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग) हाताने वर-खाली करा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. सोडाल तिथेच अडकून राहिला तर त्याच्या सांध्यातलं, म्हणजे पिव्हटचं बेअरिंग जाम झालंय. आडवा हलवल्यावर टकटक लागलं तर ते झिजलंय. सील नखाने उचलून बघा, बहुधा आत ग्रीसच्या जागी चहाच्या भुकटीसारखा गंज दिसेल. ही बेअरिंग चाकासारखी गरगर फिरत नाहीत, जेमतेम काही अंश हलतात. छर्रे त्याच त्या जागी आदळून खड्डे पाडतात. म्हणून इथे जाळी नसलेलं, छर्ऱ्यांनी गच्च भरलेलं बेअरिंग लागतं. ‘माप तेच आहे’ म्हणून स्केटिंगचं बेअरिंग ठोकणारे भेटतात. मापाने ते बसतं, टिकत मात्र नाही. आणि ‘ठोकणारे’ हा शब्द मी शब्दशः वापरतोय. बेअरिंग प्रेसने बसवायचं असतं, हातोडीने नाही. बेअरिंग बसतं ते घर एकदा लंबगोल झालं की फ्रेम गेली.

आता रंगाचं. बेअरिंग जाम असलं की शॉकने झेलायचा मार फ्रेमवर येतो. अ‍ॅल्युमिनियमला तडा आधी केसाएवढा जातो, तोही वेल्डच्या कडेला: सीट ट्यूबवर पिव्हटजवळ, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा अक्ष फिरतो त्या घराच्या) मागे, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खाली. फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरा, रेघेवरून नख फिरवा. अडकलं तर थांबा. एकदा नव्या पांढऱ्या रंगातली फ्रेम माझ्याकडे आली होती. रंग खरवडला तेव्हा खाली तडा अर्ध्या नळीभर पसरलेला. मालकाने रंगाचे पैसे आनंदाने दिले होते. अशा तड्यावर गल्लीतलं आर्गन वेल्डिंगही नको. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, त्याला पुन्हा रीतसर उष्णता-प्रक्रिया लागते आणि ती भट्टी वेल्डिंगवाल्याकडे नसते.

म्हणून आधी सगळे पिव्हट उघडून फ्रेम जाणकाराला दाखवा. फोर्क नंतर. तोही मूळ ट्रॅव्हलच्या (दबण्याच्या अंतराच्या) आसपासचाच, आणि हेड ट्यूब सरळ १ १/८ इंची असेल तर आजचा टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या दांड्याचा) फोर्क त्यात जाणारच नाही.

मागच्या शॉकमधून तेल येतं. ओळखीचा मोटरसायकल मेकॅनिक उघडून देतो म्हणतो.

देऊ नका. बऱ्याच शॉकमध्ये डँपरच्या (तेलाने झटका मंदावणाऱ्या भागाच्या) मागे नायट्रोजन दाबून भरलेला असतो. नुसत्या पान्याने उघडला तर तुकडा तोंडावर येतो. हवा सोडल्यावरही शॉक दबलेलाच राहत असेल तर घरी हातसुद्धा लावू नका. सर्व्हिस सेंटरला पाठवा. बदलायचाच ठरला तर दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं) अंतर आणि स्ट्रोक (शॉक किती दबतो ते) ही दोन्ही मापं मूळचीच हवीत. ‘थोडा लांब चालेल’ हे दुकानदाराचं शास्त्र आहे.

ब्रेकमध्ये घरात पडलेलं डॉट ४ (गाडीचं ब्रेक ऑइल) टाकलं तर?

शिमानोच्या ब्रेकमध्ये अजिबात नाही, तिथे मिनरल ऑइल लागतं. जुन्या अ‍ॅव्हिड ब्रेकला डॉट चालतं. चुकीच्या तेलाने सील फुगतात. आधीच टाकलं असेल तर ब्रेक चालवून बघू नका, सरळ दुकानात न्या.

३x९ (पुढे तीन, मागे नऊ चक्रं) काढून पुढे एकच चक्र करायचंय. १२ गियर घेऊ का?

एक चक्र जरूर करा. या फ्रेम पुढच्या ३२ दात्यांच्या मधल्या चक्राभोवतीच आखलेल्या असत, त्यामुळे ३२ चं नॅरो-वाइड (एक दाता अरुंद, एक रुंद) चक्र शोभतं. पण १२ चा हट्ट कशाला? शिमानोच्या १२ गियरच्या कॅसेटला (मागच्या चक्रांच्या संचाला) बहुतेक वेळा मायक्रो स्प्लाइन नावाच्या खाचांचा फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग) लागतो, म्हणजे हब किंवा अख्खं चाक बदला. ११ गियरची शिमानो डिओर कॅसेट तुमच्या जुन्या फ्रीहबवर बसते. शिफ्टर, डिरेलर (चेन सरकवणारा भाग), चेन मात्र सोबत बदलावी लागेल. डिरेलर हँगर (डिरेलर लटकतो तो तुकडा) वाकलेला नाही ना, हे ऑर्डर देण्याआधी तपासून घ्या. माळ्यावरून उतरवताना तोच पहिला आपटतो.