वाचकांचे प्रश्न : इंडियानातलं कोलंबस

प्रश्न : मुलीची बदली पुण्याहून अमेरिकेतल्या कोलंबसला झाली आहे. नातेवाईक म्हणतात, ते मोठं शहर आहे. कंपनी म्हणते, छोटं आहे. खरं काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, फक्त गावं दोन आहेत. मोठं कोलंबस ओहायो राज्याची राजधानी. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय असलेलं छोटं कोलंबस इंडियाना राज्यात, बार्थोलोम्यू काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. विमानाचं तिकीट काढताना हमखास घोळ होतो: शोधात नुसतं 'कोलंबस' टाकलं की ओहायोचा विमानतळ येतो आणि माणूस परक्या राज्यात उतरतो. तुमच्या मुलीला इंडियानापोलिसचं तिकीट हवं. तिथून दक्षिणेला मोटारीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. पत्त्यात राज्याचं नाव आणि 47201 किंवा 47203 हा पिनकोड तपासून घ्या.

पुण्याशी नातं जुनं आहे. किर्लोस्कर कमिन्स 1962 साली पुण्यात सुरू झाली.

प्रश्न : हे गाव कमिन्सने वसवलं का? एवढ्याशा गावात इतक्या नामांकित वास्तुरचनाकारांच्या इमारती कशा? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : गाव कंपनीपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुनं आहे. 1821 मध्ये ते वसलं. जमीन देणाऱ्या जनरल जॉन टिप्टनच्या नावावरून आधी त्याला टिप्टोना म्हणत, पण त्याच वर्षी नाव बदलून कोलंबस केलं. टिप्टन रागावला आणि पुढे रस्त्यांचं काम हाती आल्यावर त्याने महामार्ग गावाला वळसा घालून नेला, अशी दंतकथा सांगतात. 1844 मध्ये ओहायो नदीवरच्या मॅडिसनहून रेल्वे आली आणि गावाला बाजारपेठ मिळाली.

कमिन्स 1919 ची. क्लेसी कमिन्स यांत्रिकीतला माणूस, पैसा मात्र बँकवाल्या विल्यम अर्विनचा. इमारतींचं श्रेय अर्विनच्याच कुटुंबातल्या जे. अर्विन मिलर यांना जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली, शाळा घाईघाईने बांधाव्या लागत होत्या. तेव्हा कमिन्सच्या प्रतिष्ठानाने एक व्यवहार पुढे ठेवला : आम्ही सुचवलेल्या यादीतला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी आम्ही देऊ. बांधकामाचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून. पहिली शाळा 1957 मध्ये हॅरी वीझने उभारली. पुढे अग्निशमन केंद्रंही याच योजनेत आली. चौथ्या क्रमांकाचं केंद्र रॉबर्ट व्हेंचुरीचं आहे, साध्या विटांचं आणि मुद्दाम अगदी सामान्य दिसणारं. आय. एम. पे यांचं वाचनालय 1969 चं, समोर शिल्पकार हेन्री मूरची प्रचंड ब्राँझची कमान. आज गावात 7 राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहेत. कंपनी सगळं फुकट बांधून देते हा समज चुकीचा. निवडणारा आणि बांधकामाचे पैसे मोजणारा करदाताच होता. म्हणूनच ही योजना आम्हाला देणगीपेक्षा शहाणी वाटते.

प्रश्न : तिथे तक्रार कोणाकडे करायची? आयुक्त असतो का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : शहराला आयुक्त नाही. आपल्याकडे महापौर मानाचा आणि आयुक्त कामाचा, तसं तिथे वाटून दिलेलं नाही. महापौर लोक थेट निवडतात, मुदत 4 वर्षं, आणि प्रशासन त्याच्याच हाती असतं. 2024 च्या जानेवारीपासून मेरी फर्डन महापौर आहेत. नगरपरिषद अंदाजपत्रक आणि स्थानिक कायदे मंजूर करते.

इंडियानात 35 हजारांवर लोकसंख्या गेली की शहराला द्वितीय श्रेणी घेता येते, पण ती आपोआप मिळत नाही. परिषदेला ठराव करावा लागतो. कोलंबसने बरीच वर्षं तो टाळला. 2024 पासून श्रेणी बदलली, तेव्हा परिषदेतले सदस्य 7 चे 9 झाले : 6 प्रभागांतून, 3 सगळ्या शहरातून. पूर्वी हिशेब आणि दप्तर एकाच निवडून आलेल्या व्यक्तीकडे असे. आता दप्तरदार निवडून येतो, वित्त नियंत्रक महापौर नेमतो.

लोक सर्वात जास्त चुकतात ते हद्दीत. शहरातला रस्ता आणि पोलीस शहराचे; हद्दीबाहेर काउंटीचे आयुक्त आणि शेरीफ. शाळांचं मंडळ वेगळं, त्याची निवडणूकही वेगळी. शाळेची तक्रार महापौरांकडे नेली तर ती ऐकून घेतली जाईल, पण त्यांच्या हातात फारसं काही नसतं.

प्रश्न : लोकसंख्या कुठे 50 हजार दिसते, कुठे 82 हजार. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 2020 च्या जनगणनेत शहरात 50,474 माणसं होती. 82,208 हा आकडा अख्ख्या काउंटीचा. 2000 मध्ये शहर 39,059 वर होतं, 2010 मध्ये 44,061 वर. मिडवेस्टमधली, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातली, अनेक कारखानदार शहरं या काळात आटत होती. इथे मात्र इंजिनांखेरीज जपानी कंपन्यांचे कारखानेही आले आणि जगभरातले अभियंते येत राहिले. जनगणनेत नागरिकत्व न पाहता रहिवाशी मोजतात, त्यामुळे व्हिसावरची मराठी कुटुंबंही या आकड्यात असतात. मतदान मात्र फक्त अमेरिकन नागरिकाला. ग्रीन कार्ड असलं तरी मतदार नोंदणीचा अर्ज भरू नका. खोटी नोंदणी नागरिकत्वाच्या अर्जात नडते.

प्रश्न : जावई तिथे घर घेत आहेत. काय पाहावं? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : दोन गोष्टी. इंडियानात स्वतः राहत असलेल्या घराचा मालमत्ता कर मूल्यांकनाच्या 1 टक्क्यावर थोपवलेला आहे, भाड्याच्या घराचा 2 टक्क्यांवर. शाळांसाठी सार्वमताने लावलेला कर या मर्यादेबाहेर राहतो. पण 1 टक्क्याची सवलत राहत्या घराची नोंद काउंटीच्या लेखापालाकडे असेल तरच मिळते. खरेदीच्या दिवशी कागदपत्रांच्या गठ्ठ्यात हा अर्ज भरला गेला का, ते जावयांनी विचारून घ्यावं. जुन्या मालकाची नोंद पुढे चालू राहील असं समजू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या नद्या गावाजवळच मिळतात, शिवाय गावातून हॉ क्रीक वाहतो. 7 जून 2008 ला याच ओढ्याने पूर आणला, जिल्हा रुग्णालय रिकामं करावं लागलं. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. तिच्यात सहसा 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून पावसाळी बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. घर तळघराचं असेल तर पॉलिसी तळघरातलं सामान किती धरते, हे आधी वाचून घ्यावं. बहुतेकदा फारच थोडं.