सोलापुरात हौसेने धावतो, पाय टाचेवर पडतो, चवड्यावर धावायला शिकू का?

दुखत काही नसेल तर मुद्दाम चवड्यावर जाऊ नका, पावलं छोटी आणि भरभर टाकायला शिका. चवड्यावर उतरलं की गुडघ्याचा ताण कमी होतो खरा पण तो पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर येतो, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांच्या पोटऱ्यांना ती सवय नसते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात पावलांचा रेट ५ ते १० टक्के वाढवल्यावर गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी झालेला दिसला. म्हणजे मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ करा, मोबाईलवर मेट्रोनोम (ठरलेल्या ठेक्यात टिकटिक करणारं अ‍ॅप) लावा, पाय आपोआप शरीराखाली पडायला लागतो, पुढे फेकला जात नाही. पार्क स्टेडियमला पहाटेच, ऊन चढायच्या आत, थोडा थोडा वेळ करा. फक्त सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरलेलं वाटत असेल तर आधी फिजिओला दाखवा.