१४ हजारांचा लॉकसेट की साडेतीन हजारांची चावी?

गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात गाडीची एक चावी हरवली, उरलेली इग्निशनमध्ये अडकत फिरते. नऊ वर्षांच्या गाडीसाठी डीलर १४ हजारांचा लॉकसेट (दारांची आणि इग्निशनची कुलपं, चाव्यांसकट) सुचवतो, बाहेरचा चावीवाला चिपची चावी साडेतीन हजारांत देतो, आणि लॉकसेट ईएमआयवर घ्यावा का, असं तुम्ही विचारता. माझ्या मते नको.

इथे दोन वेगळी दुखणी आहेत. हरवलेल्या चावीवर उपाय कोडिंगचा, म्हणजे नव्या चावीची चिप गाडीला ओळखायला लावण्याचा. नवी चावी जोडताना उरलेली चावी सोबत न्या आणि हरवलेली इमोबिलायझरच्या (चिप ओळखली तरच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या) मेमरीतून काढून टाकायला सांगा. मग ती कुणाला सापडली तरी दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही. बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर कोडिंग मध्येच अडकतं.

अडकण्याचं कारण शोधायला तीच चावी ड्रायव्हरच्या दारात फिरवा. तिथेही अडखळली तर बहुधा चावी झिजलीय. फक्त इग्निशनमध्ये अडकत असेल तर बॅरल, म्हणजे चावी जिथे फिरते तो कुलपाचा दंडगोल. (त्याआधी स्टिअरिंग किंचित हलवून पाहा, कधी नुसतं स्टिअरिंग लॉक बसलेलं असतं.) तेल सोडू नका, त्यावर धूळ बसते; ग्रॅफाइट पावडर चालते. झिजलेल्या चावीवरून नवी कापली तर झीजही तशीच उतरते, म्हणून गाडीसोबत मिळालेल्या टॅगवरच्या कोडवरून कापून घ्या. बॅरलच गेलं असेल तर तेवढंच बदलता येतं. मग दाराची आणि इग्निशनची चावी वेगळी होते, एवढाच त्रास.

काम सुरू करण्याआधी विम्याची पॉलिसी काढा. चावी बदलण्याचं अ‍ॅड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) असेल तर आधी कंपनीला कळवा. काम उरकून नुसतं बिल पुढे केलं तर क्लेम अडू शकतो. अ‍ॅड-ऑन नसलं तरी पोलिसांत हरवल्याची नोंद करून पोच जपाच. उद्या गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

साडेतीन हजार बचत खात्यातून द्या. ‘नो-कॉस्ट’ ईएमआयलाही बहुतेकदा प्रोसेसिंग फी असते, शिवाय क्रेडिट कार्डावर घेतला तर व्याजावर १८ टक्के जीएसटी. पुढच्या वर्षी गाडी विकायची म्हणता, तर लॉकसेटचे पैसे किमतीत वसूल होत नाहीत. दुसरी चावी नसेल तर मात्र घेणारा भाव पाडतो.

चावीसोबत आरसीची झेरॉक्स किंवा घरचा पत्ताही गेला असेल आणि गाडी रात्री रस्त्यावरच उभी राहत असेल, तरच दारांच्या कुलपांवर खर्च करा.